पाऊस लहरी खरा, पण पेरा कोणी ठरवला?

मराठवाडा आणि विदर्भाच्या अलीकडच्या खरिपांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २०१९ साली पीक काढणीला आले आणि ऑक्टोबरअखेरच्या अवकाळी पावसाने ते वावरातच भिजले. त्या भिजक्या पिकातून निघालेले सोयाबीनचे बियाणे पुढच्या जूनमध्ये कित्येक गावांत उगवलेच नाही आणि दुबार पेरणीची पाळी आली. २०२१ साली सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावर येऊन बरसले. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि राज्याला चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच राज्यात दाखल झाला आणि सप्टेंबरात सीना, मांजरा, गोदावरीच्या काठची शेते पाण्याखाली गेली. प्रत्येक वेळी दोष हवामानाला दिला गेला, आणि तो खोटा नव्हता. मात्र या चारही वर्षांत त्या शेतांवर बहुतांशी एकच पीक उभे होते, सोयाबीन, आणि त्याच्या शेजारी कापूस. या गोष्टीची चर्चा पावसाच्या चर्चेच्या दहाव्या हिश्शानेही झाली नाही. नुकसान किती होणार हे पाऊस एकटा ठरवत नाही. पावसाने दगा दिला त्या आठवड्यात जमिनीवर काय उभे होते, यावरही ते ठरते. आणि जमिनीवर काय उभे राहावे याचा निर्णय आपल्याकडे हमीभाव, सरकारी खरेदी, पीककर्ज, विमा आणि रेशन यांनी मिळून घेतलेला आहे. हवामान बदलाशी जुळवून घेण्याची भाषा करणाऱ्या सरकारने आधी या पाच गोष्टींकडे बघायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

पावसाचे काय झाले आहे, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे दाखवले होते. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. त्याच काळात पावसाची एकूण सरासरी मात्र वाढलेली नाही, उलट घटली आहे. अरबी समुद्र तापल्यामुळे बाष्प अधूनमधून एकदम मोठ्या लोंढ्याने आत येते, तीन दिवसांत महिन्याचा पाऊस पाडते आणि मग लांबलचक उघडीप पडते. म्हणजे वर्षअखेरीस तहसीलच्या नोंदवहीत ‘सरासरीच्या ९८ टक्के’ असा आकडा दिसू शकतो आणि तरीही शेतकऱ्याचे खरीप दोनदा बुडालेले असू शकते. पिकाला सरासरीशी काही देणेघेणे नसते. फुलोऱ्यात ओल होती का आणि काढणीच्या वेळी वापसा होता का, एवढेच त्याला कळते. कोरडवाहू शेतीची तर सगळी भिस्त यावरच असते, आणि आपल्या राज्यात पिकाखालच्या जमिनीचा चार-पंचमांशाच्या आसपास भाग आजही कोरडवाहू आहे.

आता या पावसापुढे सोयाबीन ठेवून पाहा. जूनअखेर पेरलेले सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलावर येते आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शेंगा भरते. पावसाचा मोठा खंड नेमका याच दिवसांत पडू लागला आहे. मुळे फार खोल नसलेले हे पीक हलक्या-मध्यम जमिनीत तीन आठवड्यांची उघडीप सोसत नाही. फुले गळतात, दाणा बारीक राहतो. त्यातून वाचलेले पीक सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये कापणीला येते. परतीचा पाऊस लांबला की वाळलेल्या शेंगा उभ्या झाडावर फुटतात, कापून टाकलेल्या ढिगाला कोंब येतात, दाणा काळा पडतो. हा माल बाजारात नेला तर आर्द्रतेचा काटा आडवा येतो. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट आहे. २०२४ साली केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तीही खरेदीचा हंगाम सुरू होऊन गोंधळ झाल्यावर. शिवाय सोयाबीनच्या बियाण्याचे टरफल नाजूक असते, त्यामुळे एका वर्षाचा पाऊस पुढच्या वर्षाची उगवणही खराब करून जातो. २०१९ आणि २०२० ही जोडी त्याचा पुरावा आहे. सुमारे शंभर दिवसांचे हे पीक, आणि त्यातल्या ज्या दोन टप्प्यांत त्याला सर्वाधिक इजा होऊ शकते, तेच दोन टप्पे बदलत्या मोसमी पावसाने आपले लक्ष्य केले आहेत. हा योगायोग एका शेतापुरता असता तर दुर्दैव म्हणून सोडून देता आला असता. पण राज्यातल्या सुमारे १ कोटी ४४ लाख हेक्टर खरिपापैकी ५० लाख हेक्टरांच्या आसपास सोयाबीन आणि ४० लाखांच्या आसपास कापूस आहे. दहातले सहा हेक्टर दोन पिकांकडे गेले आहेत. त्यामुळे ऑगस्टचा एक खंड किंवा सप्टेंबरचा एक आठवडा आता एखाद्या गावाचे वर्ष बिघडवून थांबत नाही, अर्ध्या राज्याचे बिघडवतो.

चाळीस वर्षांपूर्वी हे चित्र नव्हते. साठच्या दशकात महाराष्ट्रात खरीप आणि रब्बी मिळून साठ लाख हेक्टरांहून अधिक ज्वारी होती. आज ती त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरली आहे, आणि तीही मुख्यतः सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडची रब्बी. खरिपाची ज्वारी नावापुरती राहिली. तिच्याबरोबर मूग, उडीद, तीळ, कारळे, भगर, बाजरी अशी लहानसहान पिकेही मागे सरली. त्या शेताची खासियत ही होती की त्यात प्रत्येक पिकाची वेळ वेगळी असे. मूग-उडीद ऑगस्टअखेर घरी येत, ज्वारी दसऱ्याच्या आगेमागे, कापूस आणि तूर हिवाळ्यात. पावसाचा कोणताही एक आठवडा सगळ्यांना सारखाच गाठू शकत नव्हता. मूग भिजला तर ज्वारीला तेच पाणी कामी येई. खंडात ज्वारी खुरटली तरी खोल मुळाची तूर तग धरून राही. उत्पन्न कमी होते, हे कबूल. मात्र वर्षाचे वर्ष शून्यावर जाण्याची वेळ क्वचित येई.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शेतकऱ्याने ज्वारी सोडली ती काही कुणाच्या नादी लागून नव्हे. सोयाबीनने कोरडवाहू मराठवाड्याला पहिल्यांदा तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा दिला, लातूरसारखी बाजारपेठ आणि तिच्याभोवती तेलाचा उद्योग उभा राहिला, लवकर रान मोकळे होत असल्याने त्यावर हरभरा घेता आला. ज्वारीची खुडणी आणि मळणी म्हणजे कमरेचे काम, त्याला आता माणूस मिळत नाही. पाखरे राखायला पोरे शेतात बसत नाहीत, आणि बसूही नयेत. शिवाय खरीप ज्वारी हे काही हवामानाला पुरून उरणारे जादूचे पीक नाही. कणीस भरताना पाऊस लागला की तिला बुरशी येते, दाणा काळा पडतो आणि तो माणसांनी खाण्याच्या लायकीचा राहत नाही. ती मागे पडण्यात याचाही वाटा होता. तूरही साचलेल्या पाण्यात उन्मळते. तेव्हा ‘पुन्हा ज्वारीकडे चला’ अशी हाक देणे सोपे आणि चुकीचे आहे. एका पिकाच्या जागी दुसरे एकच पीक आणून काहीही साधणार नाही. मुद्दा विविधतेचा आहे: पन्नास लाख हेक्टरांवर एकाच तारखेला फुलणारे एकच पीक नको. ते तीस-पस्तीस लाखांवर आले आणि उरलेल्या जमिनीवर वेगवेगळ्या वेळी पिकणारी चार पिके आली, तर तोच खंड आणि तीच अतिवृष्टी आजच्याएवढी महाग पडणार नाही.

ज्वारी गेल्याचा एक परिणाम आकडेवारीत दिसत नाही, पण जमिनीत मुरलेला आहे. ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला तसे दावणीचे बैल आणि गावरान गाई कमी झाल्या. ट्रॅक्टर हे त्याचे एक कारण, चारा हे दुसरे. जनावरे घटली तसे शेणखत घटले, आणि काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब वर्षागणिक उतरत गेला. सोयाबीनचे भुसकट जनावरे खातात, पण ती कडब्याची बरोबरी नव्हे. सेंद्रिय कर्ब कमी झालेली माती पाणी कमी धरते, म्हणून खंडात लवकर सुकते. तिची कणरचना सैल झालेली असते, म्हणून जोराच्या पावसात ती पाण्याबरोबर निघूनही जाते. २०२५च्या सप्टेंबरनंतर पंचनाम्यांत ‘खरडून गेलेली जमीन’ हा रकाना इतका मोठा का झाला, याचे उत्तर आभाळात शोधावे तसे या मातीतही शोधावे लागेल. पीकपद्धती बदलल्याने जमीन अधिक दुबळी झाली आणि दुबळ्या जमिनीवर हवामानाचा घाव अधिक खोल गेला. या साखळीत हवामान बदल हे फक्त शेवटचे कडे आहे.

जिथे थोडेफार पाणी पोहोचते तिथे गोष्ट उलट्या अंगाने घडते, आणि माझ्या मते ती अधिक चिंताजनक आहे. ऊस गारपिटीने पडतो, पाण्यात काही दिवस उभा राहतो, पिवळा पडतो, पण सोयाबीनसारखा एका आठवड्यात मातीमोल होत नाही. त्याला कायद्याचे पाठबळ असलेला दर आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरली. कारखाना तोडणीला टोळी पाठवतो, बँक उसावर ज्वारीच्या कैक पटींनी जास्त कर्ज देते. म्हणून हवामान जितके बेभरवशाचे होते, तितका विहीर किंवा कालवा असलेला शेतकरी उसाकडे सरकतो. त्याच्या दृष्टीने ते पूर्ण शहाणपणाचे आहे. पण हे पीक बारा ते अठरा महिने जमीन अडवून बसते, आणि पाण्याचे तर विचारू नका. लागवडीच्या क्षेत्रात चारेक टक्के वाटा असलेला ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच आपल्या अहवालात नोंदवले होते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले तेव्हा त्याच मराठवाड्यात साखर कारखान्यांची धुराडी होतीच. एकेका शेतकऱ्याने स्वतःपुरते हवामानापासून संरक्षण शोधले आणि त्यातून सगळ्या खोऱ्याचा धोका वाढला. हा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्या एकाच पिकाला पक्का दर, पक्के गिऱ्हाईक आणि मोठे कर्ज आहे ते तो घेणारच.

तेव्हा बोट नियमांकडे वळवावे लागते. हमीभाव तर तेवीस पिकांना जाहीर होतो. २०२५-२६साठी सोयाबीनला ५,३२८ रुपये, संकरित ज्वारीला ३,६९९, तुरीला ८,००० रुपये क्विंटल. पण जाहीर होणे आणि मिळणे यांत मोठे अंतर आहे, आणि भरड धान्याची खरेदी करणारी यंत्रणा राज्यात तोकडी आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला तेव्हा त्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य अशी तिन्ही नावे होती. ज्वारी खाणाऱ्या जिल्ह्यांतल्या रेशन दुकानात मात्र मुख्यतः तांदूळ आणि गहूच येत राहिले. सरकारने हरियाणा-पंजाबचा गहू फुकट वाटायचा आणि सोलापूरच्या शेतकऱ्याला ज्वारी पेरण्याचा सल्ला द्यायचा, यातली विसंगती कुणाला खटकत नाही, हे आश्चर्य आहे. पीककर्जाची मर्यादा पिकागणिक ठरते आणि जितका खर्चिक पेरा तितकी ती मोठी, मग त्या पिकाची जोखीम कितीही असो. विम्याचे गणितही असेच आहे. खरिपाच्या धान्य आणि तेलबियांना शेतकऱ्याचा हप्ता सरसकट दोन टक्के. धोका जास्त असलेले पीक घेतले म्हणून हप्ता वाढत नाही, आणि धोका वाटून घेणारी आंतरपीक पद्धत अवलंबली म्हणून तो कमीही होत नाही. २०२३मध्ये राज्याने एक रुपयात विमा दिला, २०२५मध्ये तो बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवली. या सगळ्या फेरफारांत शेतकऱ्याने अधिक सुरक्षित पेरा केला तर त्याला काय मिळेल, हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही.

दुसरा आक्षेप कृषी विद्यापीठांकडून येईल: पीक बदलण्यापेक्षा तंत्र बदला. त्यात तथ्य आहे. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरलेले सोयाबीन खंडात ओल टिकवते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून काढून देते. परभणी, राहुरी, अकोल्याने लवकर आणि उशिरा येणारे वेगवेगळे वाण दिले आहेत, आणि एकाच गावात दोन-तीन कालावधींचे वाण पेरले तरी धोका थोडा विभागला जातो. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पहिल्या टप्प्यातच पाच हजारांवर गावांत अशा गोष्टींना अनुदान मिळाले. हे सारे करायलाच हवे. पण वरंबा दोन आठवड्यांचा खंड पेलू शकतो, चार आठवड्यांचा नाही, आणि नदी शेतात आली की वरंबाही वाहून जातो. २०२५च्या महापुरात मिश्र पीकही वाचले नसते, हे मी मान्य करतो. नदीकाठच्या त्या पट्ट्याला पीकपद्धतीचे नाही, पूररेषेचे आणि नदीपात्राचे उत्तर हवे. मात्र दर वर्षीच्या नुकसानीचा मोठा भाग महापुराचा नसतो. तो खंडाचा आणि काढणीतल्या भिजण्याचा असतो, आणि तिथे विविधतेचा उपयोग होतो. शिवाय तंत्र बदलायला यंत्र लागते. राज्यातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर आहे, आणि भाड्याचे पेरणीयंत्र वापशाच्या चार दिवसांत सगळ्या गावाला पुरत नाही.

सोयाबीन कमी केले तर खाद्यतेलाची आयात वाढेल, हा आक्षेप दिल्लीतून ऐकू येतो. तो दिल्लीने करावा यात गंमत आहे. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि मे २०२५मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क वीस टक्क्यांवरून दहावर आणले गेले, ऐन पेरणीच्या तोंडावर. तेलबियांचे स्वावलंबन इतके प्यारे असते तर सोयाबीन हमीभावाच्या हजारभर रुपये खाली विकले गेले नसते. आणि सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के, बाकी पेंड. तीळ, भुईमूग, करडई यांत तेल कितीतरी अधिक असते. करडई तर मराठवाड्याचे जुने रब्बी पीक, जमिनीतल्या ओलीवर येणारे, काटेरी असल्याने जनावरांच्या तोंडाला न लागणारे. तिला गिऱ्हाईक मिळाले तर तेलही मिळेल आणि धोकाही विभागेल.

राहतो पैशाचा प्रश्न. सरकारने ज्वारी, मूग, उडीद, करडई विकत घ्यायची तर तिजोरीवर भार येणार. पण भार आजही आहेच. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्याने एका अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू हेक्टरला ८,५०० रुपये मिळतात, म्हणजे पेरणीचा खर्चही पुरता निघत नाही, आणि हा खर्च दोन वर्षांआड करूनही पुढच्या वर्षीचा धोका तसूभर कमी होत नाही. खरेदीचा पैसा निदान धान्य होऊन रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या आहारात पोहोचतो. हे अशक्य असल्याचे सांगणाऱ्यांनी शेजारी बघावे. कर्नाटकात रेशनवर दक्षिणेला नाचणी आणि उत्तरेला ज्वारी दिली जाते. ओडिशाने २०१७मध्ये भरडधान्य अभियान सुरू करून आदिवासी जिल्ह्यांतली नाचणी हमीभावाने घेतली आणि ती रेशन व अंगणवाडीत आणली. हरियाणाने २०२०मध्ये भाताऐवजी दुसरे पीक घेणाऱ्याला एकरी सात हजार रुपये दिले. तिन्ही योजनांत उणिवा आहेत, पण पेरा बदलायला भाषण पुरत नाही, हे तिघांनीही ओळखले आहे.

महाराष्ट्रात सुरुवात करायला नवीन महामंडळ नको. कृषी संजीवनीच्या गावांची यादी आहे, ई-पीक पाहणीत कुणी काय पेरले याची नोंद होते, रेशन दुकाने जागच्या जागी आहेत. मराठवाड्यातले दहा-बारा तालुके निवडून तिथल्या रेशनसाठी लागणारी ज्वारी तिथेच हमीभावाने घ्यावी, तीन किंवा अधिक पिके घेणाऱ्याचा विमा हप्ता सरकारने भरावा आणि त्याची कर्जमर्यादा त्याच्या शेजारच्या निव्वळ सोयाबीनवाल्याइतकी तरी करावी. यातली कोणतीही घोषणा डिसेंबरात, खरेदी केंद्रावर रांगा लागल्यावर झाली तर तिचा उपयोग शून्य. शेतकरी बियाण्याची पिशवी मे महिन्यात घेतो. दर, खरेदीचे प्रमाण आणि केंद्राचे गाव त्याला तोवर लेखी कळलेले असले पाहिजे.